सोमवारी पोचवायची ती

आजीने फडकं पिळता पिळता हात थांबवला आणि पाय न वाजवता आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार लोटलेलं होतं. फडक्यातलं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं, पण तिने हात हलवला नाही.

"पाच मिनिटांच्या वर चालू राहिली की तापते," नात म्हणत होती.

"तापणारच," सुनेचा आवाज आला. "सोमवारी ती गाडीत घालून पोचवली की सुटलो आपण. मग राहू दे तिथेच, परत आणायची घाई नको."

"आणि तिची पेटी?"

"पेटीचं मी बघते. मोकळी मात्र ठेवायची नाही बाई. कुणी जवळ गेलं की ठिणगी उडालीच."

आजी आली तशी मागे फिरली. पुसलेलाच ओटा तिने पुन्हा पुसला, मग तिसऱ्यांदा पुसला.

भिंतीला कान असतात म्हणतात, पण या घरात भिंतींना ते कष्ट कधी पडले नव्हते, आजी होती. आठ दिवस तिला पाण्याचा वास लागत होता, फक्त ते कुठे मुरतंय ते कळत नव्हतं. नात शाळेतून आली की आतली खोली गाठायची. मागोमाग सून जायची. मध्येच काहीतरी जळकं नाकाला झोंबायचं. विचारलं तर शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन आहे एवढंच उत्तर. काय करताय म्हटलं तर, तुला नाही कळायचं आजी, झालं की दाखवते. आजी दुसरीपर्यंतच शिकली होती हे खरं, पण माणसं वाचायला कुठली शाळा लागते? प्रदर्शन नावाला होतं. आत वेगळंच शिजत होतं.

तिला जास्त लागलं ते 'ती'. सोळा वर्षं सून तिला तोंडावर 'तुम्ही' आणि पाठीमागे 'त्या' म्हणत आली होती. बाजारात, शेजारीपाजारी, माहेरीसुद्धा. आता पाठीमागे 'ती' झाली. माणूस एकदा 'त्या'वरून 'ती'वर घसरलं की पुढची पायरी दाराबाहेरचीच.

बरं, बोलण्यात खोट तरी कुठे होती? ती तापत होती. ठिणगी उडत होती. सकाळीच भांडी लावण्यावरून उडाली होती.

पण कुणी उचलून नेऊन ठेवावं, असलं गाठोडं ती नव्हती. जायचंच तर आपल्या पायांनी, आणि यांना कळायच्या आत. शनिवारी दुपारी घर रिकामं झालं तसं तिने खाटेखालची लोखंडी पेटी ओढली, कपडे घड्या मोडू न देता भरले, वरून औषधांची पिशवी ठेवली. मग चष्मा लावून थोरल्याचा नंबर फिरवला.

थोरल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई, आत्ता अडचण आहे गं, घरात रंगकाम काढलंय. पुढच्या महिन्यात बघू. त्याच्या मागून कुणीतरी विचारत होतं, कोण आहे, आणि त्याने हात फोनवर ठेवल्याचा खरखर आवाज झाला.

रंगकाम गेल्या वर्षी झालं होतं. भिंतींचा रंग पसंत करायला त्याने तिलाच नेलं होतं.

"मी कुठे येते म्हणाले? सहज विचारलं," असं म्हणून आजीने फोन ठेवला आणि पेटीवरच बसली. पेटी बंद होती, कुठे न्यायची ते आता कळत नव्हतं.

रविवारी सकाळी नातीने तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. खिडकीचा पडदा ओढलेला. टेबलावर वीतभर उंचीची प्लास्टिकची नळी उभी होती आणि तिच्यावर केसाएवढी बारीक तांब्याची तार, वेढ्याला वेढा लागून, एकावर एक कुठेही न चढता गुंडाळलेली.

"ही माझी गुंडाळी. तीनशे वेढे, सगळे माझ्या हातचे," नात म्हणाली. "हात मागे घे आजी. हिला मोकळी ठेवायची नाही, ठिणगी उडते. आई काचेसारख्या प्लास्टिकची पेटी करून आणतेय. पाच मिनिटांच्या वर चालवली की तापते."

तिने छोटी चौकोनी बॅटरी जोडली आणि एक गेलेला सीएफएलचा दिवा जवळ धरला. ना तार, ना खटका. दिवा नातीच्या मुठीत पांढरा उजळला.

आजीने दिव्याकडे पाहिलंच नाही. 'ही', 'हिला'. दोन दिवस उराशी धरलेली वाक्यं एकेक करून टेबलावरच्या त्या वीतभर नळीकडे चालत गेली.

"कशी आहे?"

"वरच्या टोकाला एक वेढा सैल आहे," आजी म्हणाली.

नात खळखळून हसली. "म्हणूनच तुला शेवटी दाखवायची ठेवली होती."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. सुनेने घेतला. आजी उंबऱ्याशी आली, आणि सुनेच्या तोंडून 'बोला भाऊजी' ऐकताच जागच्या जागी थांबली. थोरला बराच वेळ बोलत होता. सून पाठमोरी होती. पाठीवरून काही वाचता येत नव्हतं, आणि आजी पाठी वाचण्यात पटाईत होती. आता गावभर होणार. सासू आपणहून निघाली होती आणि तिला पोटच्या पोराने घेतलं नाही. सुनेच्या हातात यापेक्षा मोठं हत्यार कुठलं यायचं?

"नाही हो, रागावून कशाला?" सून शेवटी म्हणाली. "मीच म्हणाले होते त्यांना, चार दिवस जाऊन या, तेवढाच बदल. पण आता जमायचं नाही. प्रदर्शनात मुलं फार हात लावतात, टेबलापाशी कुणीतरी दरारा असलेलं माणूस हवं. त्यांच्याशिवाय कोण आहे आमच्याकडे?"

चार दिवस जाऊन या, असं सून कधीच म्हणाली नव्हती.

फोन ठेवून ती वळली तर समोर आजी. दोघींनी एकमेकींच्या खांद्यापलीकडे पाहिलं.

"काय म्हणत होता?"

"सहज चौकशी. रंगकाम काढलंय म्हणे."

"हं." आजीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "सोमवारी किती वाजता निघायचं?"

"आठला."

"मी साडेसातला तयार असेन. तुझं आठ म्हणजे नऊ."