प्लायमागची खिडकी

मित्रांनो, मी एका रुग्णालयातली जुनी खिडकी आहे. पुरुषांच्या वॉर्डात, सातव्या खाटेशेजारी माझी जागा. हल्ली माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. बोलणे कडू लागले तर राग मानू नका.

मला घडवणारा सुतार भारी चिकित्सक होता. मला भिंतीत बसवण्याआधी तीन दिवस तो सकाळी येऊन ऊन कुठवर जाईल याचा अंदाज घेत बसला. गवंडी वैतागून म्हणाला, "अरे, खिडकी बसवतोयस की सूर्याची सोयरीक जमवतोयस?" सुतार म्हणाला, "इथं पडून राहणाऱ्याला सकाळ झालेली कळायला नको?"

त्याने मला पूर्वेकडे तोंड करून बसवले. पुढे कितीतरी वर्षे मी काम केले. ते फार मोठे नव्हते. सकाळी उजेड आत सोडायचा, संध्याकाळी तो हळूहळू मावळू द्यायचा, एवढेच. पण वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी एक गोष्ट हेरली. माझ्या बाजूची माणसे रात्री शांत झोपत, दोन घास जास्त खात. पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली माणसे दिवसा पेंगत आणि रात्री टक्क जागी राहत. मग एखादा म्हातारा रुग्ण बरळू लागला की सिस्टर त्याची खाट माझ्याजवळ आणायला लावत. डॉक्टर शिकाऊ मुलांना मला दाखवून म्हणत, "हा आपला सगळ्यात गुणी कर्मचारी. ना पगार, ना रजा!" सगळे हसत. मला तेव्हा आभाळ ठेंगणे झाले होते.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांना वॉर्ड थंडगार आणि चकाचक हवा होता. यंत्राची थंड हवा माझ्या फटींतून बाहेर जाते, असे ठरले. एका सकाळी माझ्यावर प्लाय ठोकला. छताला पांढरे दिवे लागले, ते चोवीस तास जळत. वॉर्ड प्रसन्न दिसावा म्हणून प्लायवर एक भलेमोठे चित्र चिकटवले. कशाचे, सांगू? सूर्योदयाचे! खरा सूर्य रोज माझ्या काचेवर येऊन थांबत होता आणि आत माणसे कागदाचा सूर्य बघत होती.

प्लायच्या कडेला बोटभर फट राहिली. तिच्यातून मला सातवी खाट दिसत असे.

तिथे एक आजोबा आले. शाळेत शिपाई होते, पस्तीस वर्षे त्यांनी घंटा दिली होती. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया छान झाली. पण तिसऱ्या दिवसापासून त्यांना दिवस-रात्र कळेना. "वाजले किती? पोरं खोळंबली असतील," म्हणत ते उठू पाहत. त्यांची मुलगी कपडे शिवण्याचे काम टाकून उशाशी बसून असे. ते तिलाच विचारत, "बाई, तुम्ही कोणत्या वर्गाच्या?" ती तोंड फिरवून डोळे पुसत असे.

मोठ्या सिस्टर व्यवस्थापकांकडे गेल्या. परत आल्या त्या रागाने लाल होऊन. मुलीला म्हणाल्या, "मला विचारतात, सूर्य काय औषधांच्या यादीत आहे का?" मग त्यांनी रुग्णालयाच्या सुताराला बोलावले आणि स्वतःच्या जबाबदारीवर चित्रासकट प्लाय उतरवला.

ऊन थेट आजोबांच्या पांघरुणावर जाऊन पडले. चमत्कार झाला नाही. पहिल्या दिवशी ते नुसते डोळे किलकिले करून बघत राहिले. दुसऱ्या रात्री मात्र सलग झोपले. तिसऱ्या सकाळी मुलीला म्हणाले, "चिमे, किती वाळलीस गं! जेवतेस ना?" चिमी ढसाढसा रडली. सिस्टरही रडल्या. मला रडता येत नाही.

चौथ्या दिवशी पाहुणे वॉर्ड बघायला येणार होते. व्यवस्थापकांनी सकाळीच प्लाय पुन्हा ठोकून घेतला. सिस्टर आडव्या उभ्या राहिल्या. "साहेब, हा माणूस आत्ता कुठे ताळ्यावर आलाय. आठ दिवस तरी थांबा!" थांबले कोणी नाही. सिस्टरांची बदली सामानाच्या कोठीत झाली. ती खोली तळघरात आहे.

आजोबा पुन्हा हरवले. प्लाय पुन्हा लागल्याच्या पाचव्या दिवशी, बाहेर लख्ख दुपार असताना, "सकाळची घंटा राहिली!" असे ओरडून ते खाटेवरून उतरले आणि पडले. चिमी त्यांच्यासाठी पेज आणायला गेली होती. त्यानंतर ते आठवडाभर होते. तिला त्यांनी ओळखले नाही. कागदावर कारण लिहिले, वार्धक्य.

सामान गोळा करताना चिमीने विचारले, "या चित्रामागे खिडकी आहे ना?"

"हो, पण ती आता बंद असते," वॉर्डातली आया म्हणाली आणि चादर बदलू लागली.

मित्रांनो, उद्या तुमचे आजोबा किंवा आई अशा खाटेवर असतील. औषधे वेळेवर द्याच. पण खिडकी कुठे आहे तेही बघा आणि पडदा सरकवायला सांगा. कोणी हसले तर हसू द्या. एकदा सांगून ऐकले नाही तर दहादा सांगा, आणि एकट्याने सांगू नका. त्या सकाळी सिस्टर एकट्याच बोलल्या. वॉर्डात तेव्हा चाळीस माणसे होती.