ठोंब्या वाट पाहतोय

मंगळावरची गाडी आमच्या हिच्याच लाडांमुळे अडकली, असं मी म्हणालो आणि हिने माझ्याशी अबोला धरला. पण खरं ते खरं.

त्या सहाचाकी गाडीला आम्ही सगळे ठोंब्या म्हणायचो. त्याची चाकं मी जोडली, अक्कल हिने शिकवली. मंगळावर निरोप पोचायलाच बराच वेळ जातो, तेव्हा दगड चुकवणं, उतार चढणं सगळं त्यानेच ठरवायचं. असली कृत्रिम बुद्धी सरावातून शिकते. कार्यशाळेमागच्या वाळूत सराव चालायचा, आणि ठोंब्या जरा कलला की ही धावत जाऊन त्याला हात देऊन सरळ करायची. "नवीन चाकं आहेत हो, खरचटतील!"

आता तो एका खड्ड्यात कलून उभा होता. वर ऊन, खाली सावली. उन्हावर भरणारी बॅटरी उतरत चाललेली. वर चढला नाही तर थंडीने कायमचा गार पडणार. साहेबांनी त्याच्याकडून आलेले आकडे वाचले आणि कपाळावर हात मारला.

"बाई, चाकं धडधाकट आहेत. कुणीतरी येऊन उचलेल म्हणून थांबलाय हा!"

उपाय एकच होता. कार्यशाळेत ठोंब्याचा जुळा होता. त्याला नव्याने शिकवायचं आणि ती शिकवण मंगळावर ठोंब्याला धाडायची. मात्र तो कलला तरी कुणी हात द्यायचा नाही.

जुळा वाळूत कलला. ही पुढे झाली. मी हिचा हात धरला.

"सोडा ना हो!"

"पडू दे त्याला."

तो पडला. कॅमेऱ्याची काच फुटली. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही गलबलून आलं. आम्ही त्याला उभा केला, पुन्हा सोडला, पुन्हा पडला. हिने माझ्या हातावर नखं रुतवली, पण जागची हलली नाही. शेवटी एकदा तो कलला, थांबला, कुणी येत नाही म्हटल्यावर आडवा वळला आणि तिरका तिरका चढून गेला.

ती शिकवण वर गेली. आम्ही पडद्यासमोर बसून राहिलो. कुणी चहाला हात लावला नाही. मग फोटो आला. ठोंब्या उन्हात उभा होता.

साहेब टाळ्या वाजवत सुटले. ही मात्र पडद्याला नाक लावून आकडे वाचत होती.

"मध्ये दोनदा घसरला गं," मी म्हणालो. "पण आपला आपण सावरला."

ही माझ्याकडे वळली. नाक लाल झालेलं.

"लागलं नाही ना हो त्याला?"