ओसाकातला पाऊण तास

सुनेत्राबाई हरवल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या एकूण एक मराठी घरात एव्हाना उलटंच पोचलं होतं. कुणाचं बारसं असो, कुणाच्या डेकवरचं बार्बेक्यू असो, त्यांचे यजमान गुरुनाथराव एप्रिलातल्या जपान ट्रिपची गोष्ट काढत आणि ती हटकून तिथेच येऊन ठेपे: ओसाकात आमची ही हरवली. मग तीस जणांच्या तोंडचं पाणी कसं पळालं, टूर मॅनेजर कसा धावला, बस कशी खोळंबली. दरवेळी मीठमसाला थोडा जास्त. पुरुष हसत. बायका सुनेत्राबाईंच्या पाठीवरून हात फिरवत, आणि हसण्यापेक्षा त्या हातांचाच त्यांना जास्त संताप येई.

नुसतं हसण्यावारी गेलं असतं तर त्यांनी सोडूनही दिलं असतं. पण त्यांच्या मुलाने, शंतनूने, ते मनावर घेतलं. मे महिन्यात त्याने आईकडून गाडीची किल्ली काढून घेतली. मेंदूच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट ऑगस्टातली मिळाली. तोवर आईने ड्राइव्ह करायचं नाही, "जस्ट टु बी सेफ". वा रे सेफ! पस्तीस वर्षं मिनेसोटाच्या बर्फातून गाडी हाकत हॉस्पिटल गाठणारी, मायक्रोस्कोपखाली लोकांचे कॅन्सर ओळखणारी बाई, आणि आता कोथिंबीर आणायची तर नवऱ्याच्या सवडीने. मी चिठ्ठी देऊन गेले होते रे, असं त्यांनी मुलाला परोपरीने सांगितलं. शंतनूने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, कसली चिठ्ठी? झालं. मुलाने आईकडे इतक्या मायेने पाहिलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता खरं काय घडलं ते ऐका. टूर आपल्याच लोकांची, सोबत आपलाच स्वयंपाकी. सकाळी पोहे, दुपारी डब्यातले पराठे, संध्याकाळी कुठल्यातरी इंडियन रेस्टॉरंटात पनीर. सहा दिवस जपान पालथा घातला आणि जपानचा घास एक नाही. सातव्या दिवशी, दिवेलागणीला, बस ओसाकाच्या दोतोनबोरीत आली. कालव्याच्या दोन्ही काठांवर दिव्यांच्या पाट्या, भिंतीवर घराएवढा यांत्रिक खेकडा पाय हलवतोय, गल्ल्यागल्ल्यांतून भाजल्याचा धूर, जो तो उभ्यानेच खातोय. आणि मॅनेजरने काय करावं? डोकी मोजली आणि सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावर पनीर खायला नेलं. वर गेल्यावर लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. खालचा वास सहन होईना म्हणे. सुनेत्राबाईंनाही तो सहन होईना. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं.

त्यांनी टूरच्या वेळापत्रकाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी खालच्या गल्लीत खायला जाते. सव्वाआठला पुलावर भेटते.' हॉलमध्ये गोंगाट होता, म्हणून कागदच नवऱ्याच्या हातात दिला. गुरुनाथरावांनी मान डोलावली. साडेसात वाजले होते.

खाली पहिल्याच ठेल्यावर एक माणूस आप्पेपात्रासारख्या तव्यावर ऑक्टोपसचे गोळे दोन टोच्यांनी गरागरा फिरवत होता. ऑफिसातून परस्पर आलेल्या दोन मुलींनी सरकून त्यांना जागा करून दिली, गोळा आधी फोडायचा, वाफ जाऊ द्यायची, हे हातवाऱ्यांनी दाखवलं. धीर कुणाला होता! जीभ पोळली आणि तिघी खिदळल्या. पुढच्या गल्लीत कोबीचं जाड थालीपीठ, त्यावर सुक्या माशाचे पापुद्रे वाफेने वळवळताहेत, जोडीला छोटा ग्लास बिअर. बहात्तराव्या वर्षी सुनेत्राबाई आयुष्यात पहिल्यांदा परक्या गावात एकट्या उभ्या राहून, कुणाला न वाढता, पोटभर जेवल्या. आठ वाजून तेरा मिनिटांनी त्या पुलावर हजर होत्या. तिथे मॅनेजर लालबुंद होऊन ओरडत होता आणि गुरुनाथराव त्याला समजावत होते की हिला हल्ली लक्षात राहत नाही हो.

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या ज्येष्ठांसाठी गुरुनाथरावांचा जपानचा स्लाइड शो होता. लॅपटॉपवर शंतनू. फोटो सगळ्या ग्रुपचे गोळा केलेले. टूरमधल्या कांचनताईंनी तर आपले दोनशे आदल्याच दिवशी पाठवले होते, ते धड पाहायलाही कुणाला वेळ झाला नव्हता. ओसाका आलं. गुरुनाथराव घसा खाकरून हरवण्याच्या गोष्टीला हात घालणार, तेवढ्यात पडद्यावर एक थाळी आली. कांचनताईंनी त्यांच्या खांद्यामागून काढलेला पनीरच्या थाळीचा फोटो. थाळीच्या अलीकडे गुरुनाथरावांचा हात, बोटात पुष्कराजाची अंगठी, आणि त्या हातात एक कागद.

"शंतनू, मोठं कर," सुनेत्राबाई म्हणाल्या.

त्याने मोठं केलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. कांचनताईंनीच बसल्या जागेवरून मोठ्याने वाचलं, अगदी सव्वाआठच्या पुलासकट. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"चिठ्ठी वाचली होतीत ना?" सुनेत्राबाईंनी नवऱ्याला विचारलं.

गुरुनाथरावांनी रिमोट टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तो मॅनेजर सगळ्यांदेखत ओरडत होता. बायको आपल्या मनाने निघून गेली, हे कसं सांगायचं? तू विसरतेस म्हटलं, तर तो गप्प झाला."

"तो गप्प झाला. आणि मग हे तीन महिने?"

सुनेत्राबाई उठल्या, पडद्याच्या उजेडातून चालत मुलापाशी गेल्या आणि त्याच्यासमोर तळहात पसरला. शंतनूच्या तोंडून सॉरी आई एवढंच निघालं. त्याने आपल्या जुडग्यातून त्यांची किल्ली सोडवायला घेतली; कडी निघता निघेना. त्या थांबल्या. किल्ली मुठीत आल्यावरच वळल्या. गुरुनाथरावही छत्री घेऊन लगबगीने मागे निघाले, तशा त्या दाराशी थांबल्या.

"तुम्ही शंतनूबरोबर या, गाडी मी नेते. मी एकटी बाहेर जेवायला जाते, सव्वाआठला घरी येते," त्या हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐकलंत ना?"