विचारायच्या चिठ्ठ्या

राष्ट्राध्यक्ष होण्याआधी मास्तरांचा एक नेम होता. संध्याकाळी मावशीच्या हातमागापाशी बसायचं आणि दहा शब्द टिपल्याशिवाय उठायचं नाही. मावशी काही सख्खी नव्हे. पण मास्तर जिचा कोश करत होते ती जुनी बोली बोलणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. समोर बसवून विचारलं की तिच्या तोंडाला कुलूप. म्हणून हे आपले सूत गुंडाळत बसायचे; तिचा धोटा चालू लागला की बोलीही चालू लागायची. एखादा शब्द अडलाच तर चिठ्ठीवर पेन्सिलीने ‘विचारणे’ लिहून ठेवायचे.

शपथ घेतली त्या दिवशी नेम मोडला. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. चारशे बारा चिठ्ठ्या तशाच. बायको एकदा म्हणालीसुद्धा, “अख्ख्या देशाला भेटता, एका म्हातारीला तेवढं नाही.”

ते मनाला लागलं. त्यांनी मावशीला आणायला गाडी पाठवली.

मोठ्या दालनात ती सोफ्याच्या कडेला टेकली, हात मांडीवर. मास्तरांनी पहिली चिठ्ठी वाचली.

“कोण जाणे रे बाबा.”

“अगं, तूच सांगायचीस.”

“मी कुठे, हात सांगायचे. रिकाम्या हातांना काय आठवतंय? काहीतरी काम दे.”

त्या दालनात करण्याजोगं काही नव्हतं. कपसुद्धा रिकामा व्हायच्या आत उचलला जाई. मास्तरांनी गळ्यातला मफलर काढला आणि त्याचा एक धागा उसवून तिच्या हातात दिला. बोटं चाळवली, ओठ हलले. एक शब्द आला, पाठोपाठ दुसरा. मास्तरांनी खिसा चाचपला. पेन्सिल नव्हती, सहीचं पेन होतं. तेवढ्यात सचिव दारात आले. पाहुणे खोळंबले होते.

“पाचच मिनिटं हं, मावशी.”

पाचाचा तास झाला. परतले तर दालन रिकामं. बाई अवघडून बसल्या होत्या म्हणून सचिवांनी आदराने घरी पोचवलं होतं. सोफ्यावर मफलर होता, उसवलेल्या धाग्याला नीट गाठ मारलेली होती.

रविवारी स्वतः जायचं ठरलं, पण रविवारी दौरा निघाला. महिन्याच्या आत मावशी देवाघरी गेली.

मास्तर आता संध्याकाळी मफलर घेऊन बसतात. त्या दोन शब्दांपैकी एक आठवतो, त्याचा अर्थ मात्र विचारायचा राहिला. नवी चिठ्ठी करून त्यांनी तो लिहिला आणि जुन्या सवयीने खाली पेन्सिलीने ‘विचारणे’ही लिहिलं. मग खोडरबर हातात घेऊन बराच वेळ नुसतेच बसून राहिले.