उलट्या गाठीची वही

मी एक जुनी वही आहे, पाठकोऱ्या कागदांची. मित्रांनो, पाठकोरा कागद म्हणजे एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा. माझ्या छापील बाजूला सातवीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका आहेत. शामलाताई नागपूरच्या शाळेत शिकवत असे. उरलेल्या प्रश्नपत्रिका तिने उमरेडला आईकडे नेल्या आणि आईने मला शिवलं. आई हातमागावर लुगडी विणायची. तिने मागावरचाच दोरा घेतला आणि मला असं घट्ट बांधलं, की माझं एकही पान कधी सुटलं नाही. म्हणजे, या उन्हाळ्यापर्यंत सुटलं नव्हतं.

बरीच वर्षं मी पेटीत पडून होते. आई गेली, ताई निवृत्त झाली, आणि एके दिवशी मला बाहेर काढून तिने आईची गोष्ट लिहायला घेतली. ते माझे सुखाचे दिवस! ताई मैत्रिणींना वाचून दाखवी आणि त्या डोळे पुसत. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. या गोष्टीची दुसरी प्रत कुठेही नव्हती. जे होतं, ते माझ्यापाशीच.

मे महिन्यात गाडं अडलं. ताईने लिहिलं, 'त्या दिवशी आई डबा घेऊन शाळेत आली,' आणि पेन थांबलं. तीन दिवस ती माझ्यासमोर नुसती बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "आता सुट्टी! उन्हाळा संपेपर्यंत लिहिणं बंद." मित्रांनो, माणूस लिहिता लिहिता अडला, की त्याला एकाएकी कुंड्या दिसू लागतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ भाजणाऱ्या दिवसांच्या, उन्हात ताई सकाळ-संध्याकाळ माती चाळू लागली. दोडक्याच्या बिया लावल्या, मांडव बांधला. नखांत माती, चेहऱ्यावर हसू. मला मात्र भीती वाटू लागली. ही मला विसरली तर?

पण खरं भय पुढेच होतं. आईच्या मागावरच्या सोबतीण रंभाबाई उमरेडहून एसटीने आल्या, पिशवीत मेथ्या घेऊन. कागद भिजवायचा, मेथ्यांबरोबर कुटायचा आणि लगदा पालथ्या पातेल्यावर थापून टोपली करायची, हे ताईला शिकायचं होतं. दोघी जेवणं उरकून कूलरसमोर बसल्या. वर्तमानपत्रं घमेल्यात गेली, मिठाईचे खोके गेले. तरी लगदा कमीच पडला. रंभाबाई म्हणाल्या, "आणखी कागद आण वं. वहीचा असंन तं बेस."

ताई उठली. तिचा हात माझ्यावर येऊन थांबला. मला वाटलं, लिहायला घेतेय! पण तिने मला उघडलंसुद्धा नाही. घमेल्याशेजारी बसली आणि माझी पहिली चार पानं टरकन फाडून पाण्यात टाकली. आईचं सगळं बालपण त्या चार पानांत होतं. शाई पाण्यात पसरताना मी पाहिली. मी थरथरत होते, पण वही थरथरली तर लोकांना तो कूलरचा वारा वाटतो. मला ओरडता येत नव्हतं. आणि ही चूक नव्हती, मित्रांनो. मी कोण आहे हे ताईला पक्कं ठाऊक होतं. याचीच मला सगळ्यांत जास्त धडकी भरली.

पुढची पानं सुटेनात. रंभाबाईंनी मला ओढून घेतलं. त्यांना वाचता येत नाही, पण दोऱ्यावर बोट पडताच त्या थबकल्या.

"थांब वं शामला! हे गाठ उलटी आहे. डाव्या हाताची. आमच्या मागाच्या अख्ख्या लायनीत डाव्या हातानं गाठ मारणारी एकच होती, तुही माय. हे काहून भिजवून राहिली तू?"

ताईने घमेल्यातला हात बाहेर काढला.

"काय लिवलं आहे यात?"

"मायचीच गोष्ट." ताईचा आवाज बारीक झाला. "पुढचं लिहवत नाही मावशी. ती डबा घेऊन शाळेत आली होती. मोठ्या बाईंनी विचारलं, या कोण? मी शिकवायला नवीन होती. मी म्हटलं, आमच्या गावच्या बाई आहेत."

रंभाबाई मेथ्या कुस्करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले ठाऊक आहे."

"मायनं सांगितलं?"

"त्याच संध्याकाळी. म्हणे, रंभे, पोरगी मले पाहून भ्याली गं. आता मी तिच्या शाळेत जात नाही. उगाच तिले भेव लागते."

ताई लहान मुलीसारखी रडली. मग तिने लगदा लागलेल्या हातांनीच मला मांडीवर घेतलं आणि आईचे ते शब्द जसेच्या तसे अडलेल्या ओळीखाली लिहिले. मी वाचले.

पण ती चार पानं गेली ती गेलीच. त्यांची टोपली झाली आहे. गच्चीवर वाळते आहे, आणि तिच्या बुडाशी नीट न कुटलेल्या तुकड्यावर सरळव्याजाचं अर्धं गणित दिसतं. मित्रांनो, खुशाल बागकाम करा, टोपल्या करा. दमलेल्या हाताला सुट्टी हवीच. पण कागद भिजवण्याआधी एकदा वाचा, आणि ज्या पानाची तुम्हाला भीती वाटते ते तर मुळीच भिजवू नका.

मला अजूनही धाकधूक आहे. आईचं बालपण पुन्हा लिहायचं, तर ते आता एकट्या रंभाबाईंनाच नीट आठवतं, आणि त्यांनी ऐंशी ओलांडली. ताई म्हणते, दोडक्याचा वेल मांडवावर चढला की जाईन उमरेडला. तुम्हीच सांगा ना तिला, की वेल आपला आपण चढेल. उमरेडची बस रोज आहे, रंभाबाई रोज असतीलच असं नाही.