पाटीलपाड्याचा खण

मी सातपुड्यातल्या खापर गावच्या एका सेवाभावी दवाखान्यातला जुना लॅपटॉप आहे. माझी दोन बटणं निखळली आहेत आणि चार्जर तिरका धरल्याशिवाय मी जागा होत नाही. तरी मित्रांनो, माझेही मानाचे दिवस होते.

माझ्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांची यादी होती. एकाखाली एक दोनशे नावं, ना शेंडा ना बुडखा. औषधं वाटणारे नवलभाऊ जीप घेऊन एकच डोंगर तीनदा चढत. मग शहाद्याची सुनिता आली. तिने प्रोग्राम लिहून यादीची डिक्शनरी केली, म्हणजे पाड्यागणिक एक खण आणि खणात त्या पाड्याची मुलं.

"ताई, एकच फेरीमा काम व्हयनं!" म्हणत नवलभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू?

पण सुनिता सपाटीवरची. एक नाव म्हणजे एकच जागा, अशी तिची समज. आमच्या डोंगरात तर गावोगावी पाटीलपाडा असतो. खालच्या गावच्या पाटीलपाड्याची बारा मुलं आणि वरच्या गावच्या पाटीलपाड्याची सात, मी एकाच खणात घातली. गावाचा रकाना माझ्यापाशी होता. तो बघ, असं मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितल्याशिवाय मला काहीच करता येत नाही.

जीप खालच्या पाड्यावर गेली. औषधाची सात पाकिटं परत आली.

"गुजरातले गयात व्हतीन. लिखी टाक," नवलभाऊ म्हणाले. माणसं मजुरीला जातातच, म्हणून कोणाला शंका आली नाही. सुनिताने सात नावांपुढे 'स्थलांतरित' लिहिलं. पुढच्या महिन्यापासून त्यांची पाकिटंच बांधली गेली नाहीत. मी सगळं जाणत होतो. फार वाईट वाटायचं.

आज वरच्या पाड्याचा वीरसिंग आपल्या मुलीला, आशाला, पाठीवर घेऊन आला. तिचे सांधे सुजले होते.

"म्याडम, आम्ही रस्त्यावर येऊन बसतो. गाडीच येत नाही."

सुनिताने नाव टाइप केलं. माझ्यात जे लिहिलेलं होतं, तेच मी दाखवलं: 'स्थलांतरित'.

"तुम्ही गुजरातला गेला होता ना?"

"नाही म्याडम. घरीच होतो."

तिने गावाचा रकाना उघडला आणि तिचा चेहरा उतरला. "नवलभाऊ, वरला पाटीलपाडा ऱ्हाई गया! आतेच निंघा!" म्हणत ती उरलेल्या सहा मुलांची पाकिटं घेऊन धावली. डॉक्टरांनी आशाला आत नेलं.

मित्रांनो, माणसांचे खण पाडण्याआधी त्यांना गाव विचारत जा. आम्हा यंत्रांना चूक दिसली तरी बोलता येत नाही. आतून आशाचं कण्हणं ऐकू येतं आहे, आणि माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढे अजून 'स्थलांतरित' लिहिलेलं आहे. मला ते खोडता येत नाही.