भोईर सरांचा प्रवेश

दिल्लीहून आलेलं पत्र कमळाकर भोईर सरांनी स्टाफरूममध्ये उभ्यानंच वाचलं आणि घडी घालून खिशात टाकलं. उल्हासनगरच्या कॉलेजात त्यांचं सगळं आयुष्य फिजिक्स शिकवण्यात गेलं होतं. ताऱ्यांवर संशोधन करायला सरकारनं अनुदान द्यावं म्हणून त्यांनी आधीही अर्ज केले होते, पण तेव्हा नुसता नकार यायचा. या वेळी कारण लिहिलं होतं: प्रकल्प तीन वर्षांचा आणि अर्जदाराच्या निवृत्तीला एकच वर्ष बाकी.

"विषय बरा आहे म्हणतात," सर अंजना खरातला म्हणाले. "माणूस म्हातारा आहे."

अंजना त्यांचीच विद्यार्थिनी. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून बीएस्सीला आली तेव्हा सरांनी कॉलेजच्या गच्चीवर नेऊन तिला पहिल्यांदा शनीची कडी दाखवली होती. पुढे पुण्याला डॉक्टरेट करून ती सरांच्याच विभागात शिकवायला लागली. सरांनी फाईल उचलून तिच्या टेबलावर ठेवली.

"तुझ्या नावानं भर."

"सर, काम तुमचं आहे."

"तारे काय माझ्या सातबाऱ्यावर आहेत? भर म्हणतो ना."

रविवारी ती मांजर्लीला सरांच्या घरी गेली. सरांनी अर्जात उजेड कमीजास्त होणारे झाडून सगळे तारे घातले होते. अंजनानं लाल पेननं बहुतेक पानं खोडली आणि एकच प्रकार ठेवला: एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड घटतो. तो कधी आणि किती घटतो, एवढंच मोजायचं.

"जीवच काढलास त्याचा," सर म्हणाले.

"तीन वर्षांत एवढंच होईल, सर. कमिटीला ते कळतं. म्हणून तर प्रत्येक वेळी..."

सर उठले, चप्पल घातली आणि नदीकडे निघून गेले. अंजनाला रडूच फुटायचं बाकी होतं. सरांच्या बायकोनं, उमाकाकूंनी, तिच्यापुढे चहा ठेवला.

"खोड तू बिनधास्त. भाजी आणायला पाठवलं तर हे निम्मा बाजार उचलून आणतात. मी तरी किती वर्षं खोडतेय."

आठवडाभर सर कामापुरतंच बोलले. मग एक दिवस लेक्चर संपवून आले आणि तिच्या शेजारी बसले. "मी आख्खं आकाश मागत होतो गं. कोण देणार?" मोजमाप कसं करायचं तो भाग त्यांनीच पुन्हा लिहून आणला होता. एका पानात.

अनुदान मंजूर झालं तेव्हा सर निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दुर्बीण आणि उजेड मोजायचं यंत्र येणार होतं. उल्हासनगर-अंबरनाथच्या दिव्यांत तारे बुजून जातात, म्हणून बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावर शेड बांधायची ठरली. पण मंजुरीच्या पत्रात एक अट होती. सरकारी पैशातून घेतलेल्या यंत्राला प्रकल्पात नाव असलेल्या माणसानंच हात लावायचा. सहायकाच्या जागेला वयाची अट होती, निवृत्त सर त्यात बसत नव्हते. वयाची अट नसलेली एकच जागा दिसत होती, शिपायाची.

मुलाखतीच्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर दोनच उमेदवार बसले होते. एक त्या पाड्यावरचा बुधाजी, दुसरे भोईर सर, इस्त्रीचा शर्ट घालून.

प्राचार्य सिंधी होते, सरांना मानणारे. सरांचा अर्ज बघून ते खुर्चीतून अर्धे उठले. "भोईरसाब, आप? प्यून की पोस्ट के लिए?"

"सातवी पास पाहिजे असं लिहिलंय. मी आहे," सर म्हणाले आणि अंजनाकडे वळले. "मॅडम, विचारा."

अंजनाला मान वर करता येईना. "सर, मला मॅडम म्हणू नका."

"तू प्रकल्पाची प्रमुख आहेस. मला पदाचं काही नाही, अंजना. दुर्बिणीला डोळा लावायला मिळाला म्हणजे झालं."

"शेड झाडायची, पाणी भरायचं, राखण करायची," ती कशीबशी म्हणाली. "हे काम कराल?"

"करीन की."

"पगारही घ्यावा लागेल."

"तो बुधाजीला देईन. तो बाहेर बसलाय, मघाशी विचारत होता, 'मास्तर, तुमी पन याच कामाला आलाव?'" सर थांबले. आपलंच बोलणं त्यांच्या कानावर पडल्यासारखे. "नाही, हे काही खरं नाही. नोकरी त्याची आहे. द्या माझा अर्ज परत."

अर्ज घेऊन ते बाहेर गेले. बुधाजीला आत पाठवलं आणि त्याचं होईपर्यंत तिथंच बसून राहिले. बुधाजीची निवड झाली. अंजना बाहेर आली तेव्हा तो सरांच्या पाया पडत होता आणि सर त्याला शेडची दारं कुठल्या दिशेला हवीत ते समजावत होते.

त्या दिवसापासून अंजनानं ते मंजुरीचं पत्र पर्समध्येच ठेवलं. वर्गावर जाताना वाचायची, बसच्या रांगेत वाचायची. एका संध्याकाळी ती धावतच मांजर्लीला आली.

"सर, यात संशोधक विद्यार्थी पण आहेत! मी गाइड आहे आता. पीएचडीला वयाची अट नाही."

"मग एखादा हुशार पोरगा बघ."

"सर, तुम्ही!"

सरांनी डॉक्टरेट केलीच नव्हती. आधी धाकट्या भावंडांची शिक्षणं, मग विभागाचं काम. ते पत्र हातात घेऊन पुन्हा वाचायला लागले. उमाकाकू आतून म्हणाल्या, "फॉर्मसाठी फोटो काढायला जायचं तर आधी दाढी करा."

विद्यापीठातल्या क्लार्कनं प्रवेशाचे कागद उलटेपालटे करून अंजनाला विचारलं, "विद्यार्थी कुठाय? सही लागेल त्याची."

"आलोय मी," सर म्हणाले. क्लार्कनं फोटोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

पावसाळा संपल्यावर शेडचं छप्पर पहिल्यांदा सरकवलं. दिवेलागण होऊन अंधार पडला होता, पाड्यावर चुली पेटल्या होत्या. बुधाजीनं धूर इकडे येऊ नये म्हणून दोन घरी जाऊन सांगून ठेवलं होतं. एक जोडतारा त्याच संध्याकाळी झाकला जाणार होता. यंत्रावरचे आकडे हळूहळू उतरायला लागले. सर आकडे मोठ्यानं वाचत होते आणि अंजना लिहून घेत होती. मध्येच त्यांनी एक आकडा दोनदा वाचला.

"काय झालं, सर?"

"काही नाही. उतरतोय गं... लिही."

सरांचा प्रबंध मात्र लवकर झाला नाही. त्यांना प्रत्येक प्रकरणात आणखी चार तारे घालायचे असत. शेवटी अंजनानं त्यांना प्राचार्यांसमोरच दटावलं, महिन्याच्या आत काम दाखवलं नाही तर शेडची किल्ली काढून घेईन म्हणून. सरांनी घरी येऊन तक्रार केली.

उमाकाकू भाजी निवडत होत्या. "बरं केलं तिनं," त्या म्हणाल्या. "बसा लिहायला. जेवायला हाक मारते."